धाकटीचं वजन

"अख्ख्या पाचूबंदरात एकच काटा सरल हाय, सिस्टर. माजा!"

रॉबर्टनं छाती ठोकली असती, पण छातीवर धाकटी बांधलेली होती. उघड्या अंगावर, बायकोच्या, मार्गारेटच्या, जुन्या साडीनं. वेळेआधी आलेल्या बाळाला आईबापाच्या अंगाची ऊब लागते, हे हिना सिस्टरनंच शिकवलेलं. ती दवाखान्याकडून अशा बाळांच्या घरोघरी जायची.

तिचा स्वतःचा काटा नुकताच बंद पडला होता. आधी जुळ्यातल्या थोरलीला त्यावर ठेवली. वजन छान भरलं, आणि उचलता उचलता थोरलीनं त्याच्यावर अशी शू केली की आकडे लुकलुकले आणि विझले.

धाकटीचं मात्र अडलं. गेल्या आठवड्यात ती सतराशे ग्रॅम होती. आज वर सरकली नाही तर परत दवाखान्यात, काचेच्या पेटीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मार्गारेट सकाळपासून तिला वाटी-चमच्यानं दूध पाजत होती आणि पोरगी निम्मं गळ्यावर सांडत होती.

"आणा मग तुमचा काटा," हिना म्हणाली.

रॉबर्ट जिन्याखाली वाकला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सरळ काट्याचं ते वाक्य तो रोज सकाळी बंदरावर मासळी विकताना बोलायचा. तोंडात बसलेलं. ते आज घरातच निसटलं होतं.

काटा धुतला, पुसला. टॉवेल अंथरून शून्य केलं. धाकटीला उघडी करून त्यावर ठेवली.

एकोणीसशे पन्नास.

"जेजूची किरपा!" रॉबर्टच्या आईनं, ग्रेसीनं, क्रुसाची खूण केली. मार्गारेट हसता हसता रडायला लागली. बाहेरच्यांना आत यायला बंदी होती, म्हणून खिडकीच्या गजांना नाकं लावून चार बाया उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौघी रोज रॉबर्टकडूनच मासळी घ्यायच्या.

"अडीचशे ग्रॅम! मस्त वाढलीय," हिना म्हणाली. "घरीच राहू दे हिला."

रॉबर्टनं धाकटीला परत छातीशी बांधलं. तिनं भोकाड पसरलं.

"शांत होईल. बाबाच्या छातीचे ठोके ऐकले की बाळं शांत होतात."

रॉबर्टचे ठोके ऐकून धाकटी लालेलाल झाली. तो दारापर्यंत गेला, मोरीपर्यंत आला, पुन्हा दारापर्यंत गेला.

"बस की रं जरा एका जागी," ग्रेसी म्हणाली. "डोकं गरगरतंय माजं."

"गरम होतंय, आये."

पोरगी वाढली असेल तर प्रश्नच नव्हता. नसेल वाढली तर? घरात सगळे आनंदात, आणि ती आपली रोज थोडी थोडी सुकत जाणार. हिनानं पिशवीची चेन ओढली. चपलेत पाय घातला.

"सिस्टर."

"अं?"

"काटा जरा..." रॉबर्टनं खिडकीकडे पाठ केली. "जरा जास्ती बोलतो."

"किती जास्त?"

"मला काय म्हाईत? ज्यानं बसवून दिला त्याला म्हाईत!"

"गप ऱ्हा की, मेल्या!" ग्रेसी ओरडली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

खिडकीतल्या चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. मार्गारेटचे डोळे आता कोरडे होते आणि ते नवऱ्यावर होते.

हिना चप्पल काढून परत आत आली. "साखरेचं न फोडलेलं पाकीट आहे घरात?"

एक किलोचं पाकीट काट्यावर ठेवलं. अकराशे.

"अकराशे गो!" खिडकीतून एक बाई म्हणाली.

"सगळ्यांशी सारखाच खोटा बोलतो का हा?" हिनानं विचारलं.

"सारखाच! त्यात कदी फरक नाय," रॉबर्ट जरा अभिमानानंच बोलला.

"मग झालं काम. धाकटीला तो एकोणीसशे पन्नास म्हणाला. आता तेवढंच म्हणेपर्यंत सामान ठेवू. खरं वजन पाकिटावर छापलेलंच असतं."

साखरेवर अर्धा किलो रवा आला. रव्यावर दोनशे ग्रॅम चहा.

"ही झाली गेल्या आठवड्यातली धाकटी," हिना म्हणाली. "काटा इथेच एकोणीसशे पन्नास म्हणाला, तर पोरगी वाढलेली नाही."

आकडे धावले, अडखळले. रॉबर्टनं डोळे मिटून घेतले.

"अठराशे सत्तर," मार्गारेटनं वाचलं. "म्हंजे?"

"म्हणजे अजून ठेवायचंय."

ग्रेसी या वयात मोरीकडे धावली आणि साबणाची नवी वडी घेऊन आली. पंच्याहत्तर ग्रॅमची.

"ठेव, ठेव!" खिडकी ओरडली.

साखर, रवा, चहा, वर साबण. एकोणीसशे पन्नास.

"वाढलीय," हिना म्हणाली. "थोडीच, पण खरी. राहू दे घरी. दूध मात्र वाढवा."

मार्गारेटनं वाटी-चमचा उचलला. रॉबर्टनं डोळे उघडले. धाकटी त्याच्या छातीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. त्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बंदरावर काटा मांडला. बाया रांगेत उभ्या होत्या. एरवी त्या रांग लावत नाहीत. प्रत्येकीच्या टोपलीत एक किलो साखर होती.