डावीकडे जुना, उजवीकडे आजचा

तक्रार

"अर्ध्या हॉलचे हात वर झाले नाहीत, तर हा तास मी सोडला," सर म्हणाले. "दे तुझ्या प्रयोगशाळावाल्यांना. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन."

संयोजिका हसली नाही. ती एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी. बरीच वर्षं परगावी नोकरी करून नुकतीच परतली होती, आणि आल्या आल्या पशुवैद्यांच्या या उजळणी वर्गाची सूत्रं तिच्या हाती आली होती. विषय, कुत्र्या-मांजरांचे हार्मोनचे आजार. त्यात सरांचा एक तास ठरलेला असे: नुसतं बघून निदान. तो तिला बंद करायचा होता.

"सर, आता रक्ताच्या थेंबात सगळं कळतं. डोळ्यांवर कोण विसंबतं?"

"आणि ते रक्त काढायचं कुणाला सुचतं? आधी शंका यावी लागते, बाई. यंत्राला शंका येत नाही."

"नुसता फोटो बघून ओळखतील?"

"एका मिनिटात. नाही ओळखलं तर मी घरी बसतो, बायकोला भाजी चिरून देतो."

"त्या बिचारीचा काय गुन्हा?" ती म्हणाली. पैज लागली.

पूर्वेतिहास

त्यांना सगळे एक्स-रे सर म्हणत. कुत्रं दारातून टेबलापर्यंत येईस्तोवर त्यांनी थायरॉईड ओळखलेलं असे. मालक काय सांगतो ते ते शेवटी ऐकत.

शिकवण्याचीही एक रीत होती. पडद्याकडे तोंड करून शिकवणारा मास्तर म्हणजे रुग्णाकडे पाठ करून तपासणारा डॉक्टर, असं त्यांचं म्हणणं. स्लाइडचा क्रम तोंडपाठ. नजर सतत समोरच्या चेहऱ्यांवर. वळून बघणं नाही.

सकाळी बायको म्हणाली होती, "अहो, काल तुमच्या घोरण्यानं शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली."

"तुला सांगायला आले होते?"

"सांगतील कशाला? आपटलेली ऐकली मी."

ते नवे बूट चढवत होते. पुन्हा एक नंबर मोठे घ्यावे लागले होते. हल्ली कंपन्या मापात पाप करतात, यावर त्यांनी दुकानदाराला व्याख्यानच झोडलं होतं.

"मांजराची मिशी हलली तर कळतं तुम्हाला," बायको म्हणाली, "आणि गॅसवर दूध उतू चाललंय ते दिसत नाही."

त्यांनी जाऊन गॅस बंद केला. दूध गेलं ते गेलंच.

तपासणी

हॉल भरलेला होता. मागे उभं राहायलाही दाटी.

"माईक लावू?" संयोजिकेनं विचारलं.

"कशाला? आवाज बघ कसा भारदस्त झालाय. वय वाढतं तसा गवई पिकतो."

तिनं स्लाइड पुढे सरकवायचं नवं यंत्र त्यांच्या हातात ठेवलं. काडेपेटीपेक्षा लहान. "वरचं बटण पुढे, खालचं मागे."

"खेळण्यातलं आणलंस काय? माझ्या एका अंगठ्याखाली दोन्ही बटणं जातात."

"जपून दाबा मग. आणि सर, ओळख करून देताना तुमचा पहिल्या उजळणी वर्गातला फोटो लावलाय. माझ्याकडे तेवढाच होता."

"लाव की. त्यात केस आहेत."

ती लॅपटॉपवरच्या फोटोकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे.

"काय झालं?"

"काही नाही. बारीक होतात तेव्हा."

"सुखी माणूस आहे मी. सुख अंगाला लागतं."

तिनं चार वाक्यांत ओळख करून दिली आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली. सर पडद्याच्या उजव्या कडेला उभे राहिले, हॉलकडे तोंड करून. टाळ्या ओसरल्या.

"एक मांजर दाखवतो," ते म्हणाले. "मधुमेह आहे. इन्सुलिन वाढवतोय, वाढवतोय, साखर काही हटत नाही. मालकीण म्हणते, खातोय, पितोय, अंग धरलंय, छान आहे. ती खोटं बोलत नाही. बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून मी नेहमी जुना फोटो मागतो."

त्यांनी अंगठा दाबला. टिक् आवाज झाला.

निदान

"डावीकडे जुना. उजवीकडे आजचा. बघा."

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. एक तरुण डॉक्टर अर्धवट उठला. "सर, स्लाइड..."

"बसा. प्रश्न नाहीत, मदत नाही. फक्त डोळे."

तो बसला. हसणारी गप्प झाली.

"जबडा बघा. खालचा पुढे आलाय का? कपाळाचं हाड? दातांमधल्या फटी? आता पंजे. रुंदावलेत ना?"

हॉलमध्ये माना डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होत्या. सरांना बरं वाटलं. असंच बघायचं असतं.

"मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी. तिच्यावर गाठ येते, आणि वाढ थांबायच्या वयात वाढ पुन्हा सुरू होते. लवकर पकडलं तर उपचार आहे, चांगला आहे. पण पकडायला कुणीतरी बघावं लागतं." ते थांबले. "आता सांगा. ज्यांना बदल दिसला, त्यांनी हात वर करा."

मग मागून एक हात वर झाला. त्याच्या शेजारी दुसरा. मग रांगाच्या रांगा, आवाज न करता. मघाचा तरुण डॉक्टर. खुदकन हसलेली मुलगी. सगळ्यात शेवटी संयोजिकेनंही हात वर केला. दुसरा तिनं तोंडावर धरला होता.

अर्धा नाही, अख्खा हॉल.

"बघितलंस?" सर तिला म्हणाले. पैज जिंकल्यावर एवढी सूट घ्यायला हरकत नव्हती. मांजराचा जबडा बोटानं दाखवावा म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदाच पडद्याकडे वळले.

पडद्यावर मांजर आलंच नव्हतं. तिथे अजून त्यांचाच जुना फोटो होता, आणि फोटोच्या उजवीकडे ते स्वतः उभे होते.