चिठ्ठीवरचे वीस दिवस

"वीस दिवस," रशीदाच्या सासूने सांगितले.

"मी रशीदाला विचारतेय, हाजीणबाई."

"तिला काय विचारायचं? घरातलं सगळं मला ठाऊक असतं. वीस लिहा आणि चिठ्ठीवर सरकारी गरुडाचा शिक्का मारा."

डॉ. इन्साफनी कपाळावर हात मारला. इजिप्तमधल्या मिन्या शहराजवळच्या त्या सरकारी दवाखान्यात तांबी बसवलेल्या दोनशे बायकांची त्या वर्षभर नोंद ठेवत होत्या. दिवस गेले का, पोट दुखतं का, रक्त किती जातं. बाकी साऱ्यांचे आकडे सरळ होते. या एकाच फाइलने वैताग आणला होता. महिन्याचे वीस दिवस रक्त, आणि हिमोग्लोबिन तेरा!

"इतकं रक्त गेलं असतं तर ही भिंत धरून चालली असती. आज तपासतेच."

"रक्त चालू असताना? काही लाजलज्जा, डॉक्टरीणबाई?"

दर महिन्याला हेच उत्तर.

"मग तांबी काढूनच टाकते."

"काढायबिढायचं नाव नको! तुम्ही फक्त लिहा. मुलाला दाखवायचं असतं."

मुलाला! आता कुठे डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी म्हातारीला बाहेर बसवले. "दोन बुकं शिकल्या की सासवांना शहाणपण शिकवतात," असे पुटपुटत ती गेली.

"ऐक, रशीदा. चौथ्या मुलीच्या वेळी तू मरता मरता वाचलीस. पाचवं बाळंतपण तुला झेपणार नाही. आणि ही बया तुला आजारी ठरवून घरात सवत आणायला निघालीय. मी लिहिते, रक्तस्राव नाही, तब्येत ठणठणीत. हा कागद नवऱ्याच्याच हातात दे."

रशीदाने त्यांचे मनगट घट्ट धरले.

"नको, डॉक्टर! तांबी त्यानं आठ महिन्यांपूर्वीच शहरात नेऊन काढून घेतली. मुलगा हवाय त्याला. तांब्याची उष्णता अंगात राहिलीय, म्हणून रक्त जातं, असं सासूबाईंनी त्याच्या गळी उतरवलंय. रक्त असलं की तो शिवत नाही. तेवढा धर्म पाळतो."

"आणि उरलेले दहा दिवस?"

"सासूबाई कंबर दुखते म्हणतात आणि माझ्या खोलीत येऊन झोपतात."