साहेबांबरोबर होडीत

"पाण्यात उतरायला लोकरीचा स्वेटर म्हणे. दरबारची नोकरी होती तेव्हा निदान कोरडे तरी राहायचात," बटणं लावून देताना शरयू नवऱ्याच्या, मधुसूदनच्या कानाशी पुटपुटली.

मध्यभारत मोडून नुकताच मध्य प्रदेश झाला होता. ग्वाल्हेरच्या कचेरीतलं कोण भोपाळला जाणार आणि कोण घरी बसणार, हे नवे साहेब ठरवणार होते. त्यांनी खळाळत्या नदीत वल्हवायच्या एकेकट्याच्या कापडी होड्या मागवल्या आणि विचारलं, "आप भी चलेंगे, मधुसूदनजी?" तीन पिढ्या दरबारात वाकलेल्या घराण्याला एकच उत्तर ठाऊक होतं. "जी हुजूर."

मग घरदार कामाला लागलं. सुती कपडा भिजला की गारठवतो, म्हणून लोकर. चपला वाहून जातात, म्हणून नाडीचे बूट. "नवशिक्याला रुंद होडी बरी, उलटत नाही," असं शेजारचे जगदेवराव सांगून गेले. मधुसूदनच्या आईने, इंदुताईंनी तर दगडापासून डोकं वाचावं म्हणून सासऱ्यांची पगडी काढून दिली. मुलाला पोहता येतं का, हे मात्र कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सिंध नदीच्या काठी मधुसूदन होडीत बसला. पाय आत अडकले, कमरेभोवती कापड आवळलं गेलं. समोर पाणी खडकांवर आपटत होतं.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "मुझे तैरना नहीं आता."

शेजारच्या होडीत साहेबांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता.



"आता तो मुझे भी नहीं. मगर शौक मंत्रीजी का है, उन्हें ना कौन कहता?"