चांदण्यांवाला सेंट

"आल्या तुझ्या बाई," शेजारच्या टेबलावरून डेल कुट्झ म्हणाला. "केस नीट कर. आहेत तेवढे."

एल्वूड रेबरने डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच स्वतःवरच चिडला. एकाहत्तर वर्षांचा घोडा, आणि केस नीट करतोय! शर्टाच्या खिशात एक कापडी पाकीट होतं, पाकिटात तांब्याचं एक जुनं अमेरिकी नाणं, एक सेंट. तो त्याने सहा वर्षं दडवून ठेवला होता आणि आज द्यायचाच असं रात्रभर घोकून आला होता.

व्हर्ना होस्टेटर दारात बुटांवरचा बर्फ झटकत होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचा बाजार भरायचा. पोस्टातून निवृत्त झालेल्या या विधवा बाई गेली अकरा वर्षं न चुकता यायच्या. आल्या की सरळ एल्वूडच्या टेबलाशी. बसायच्याही आधी त्यांचा एकच प्रश्न, "चांदण्यांवाला आला का हो?"

बाईंना नाद होता तो एकाच सालाचा, सतराशे चौऱ्याण्णवचा. तेव्हा टाकसाळीत ठसे हातानेच कोरायचे, त्यामुळे एका सेंटवरच्या स्वातंत्र्यदेवीचे केस दुसऱ्यासारखे नाहीत, मागची पानं तिसऱ्यासारखी नाहीत. जमतील तेवढे प्रकार बाईंनी जमवले होते. हवा होता तो एकच, मागच्या बाजूला अगदी काठाशी बारीक बारीक चांदण्या असलेला. त्या कुणी कोरल्या, कशासाठी कोरल्या, देव जाणे.

"नाही आला," एल्वूड म्हणायचा.

"बरं," म्हणून बाई कोट काढायच्या. मग दोन तास दोघं मिळून बाकीचे सेंट बघत. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर ग्रेड, म्हणजे नाणं किती चांगलं राहिलंय त्याचा एक ते सत्तरमधला आकडा, लिहायची, मग चिठ्ठ्या जुळवायच्या. बाईंचा आकडा नेहमी कमी. "तुम्ही फार लाड करता नाण्यांचे," त्या म्हणायच्या. दुपारी बंबवाल्यांच्या बायकांनी केलेलं कोंबडी-मक्याचं सूप. बास, एवढंच. पण एवढ्यावर एल्वूड पुढचा अख्खा महिना काढायचा.

सहा वर्षांपूर्वी एका शेतघरातून आणलेल्या डब्यात त्याला तो सेंट सापडला. झिजलेला, काळपट, पण उजेडात तिरका धरला की काठाशी चांदण्या! त्याने धावत जाऊन फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला, आणि मनात आलं, हा मिळाल्यावर बाई कशाला येतील? त्याने फोन खाली ठेवला. पुढच्या रविवारी "नाही आला" म्हणताना जीभ अडखळली. नंतर सवय झाली. पापसुद्धा अंगवळणी पडतं हो.

"माझ्या टेबलाकडे ही बाई ढुंकून बघत नाही," डेल एकदा म्हणालाही होता. "अशाने मिळायचा कसा तिला तो सेंट?" बाईंचा आपल्यावर केवढा भरवसा, असं वाटून एल्वूड आणखीच खजील झाला होता.

गेल्या महिन्यात बाईंनी सांगितलं, घर विकलं. मुलगी ओरेगॉनला बोलावतेय. मार्चचा रविवार शेवटचा.

आणि आज मार्चचा रविवार होता.

"चांदण्यांवाला आला का हो?"

"आला," एल्वूड म्हणाला.

बाईंचा हात कोटाच्या गुंडीवरच थांबला. चेहरा पार उतरला. धक्काच बसला असणार बिचारीला, एल्वूडला वाटलं.

"कधी आला?"

"परवा. बसा तर आधी."

त्याने मखमलीच्या तुकड्यावर सेंट ठेवला. नाणं उघडं असलं की तोंड बंद, असा या लोकांचा शिरस्ता. थुंकीचा एक शिंतोडा उडाला तरी तांब्यावर कायमचा डाग पडतो. त्यामुळे घशाशी आलेलं सगळं एल्वूडला गिळावं लागलं. बाईंनी सेंट काठाला धरून उचलला, भिंगाखाली धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मध्येच भिंग पुसलं. दोनदा पुसलं.

चिठ्ठ्या उलटल्या. त्याची दहा. त्यांचीही दहा.

"आज कमी नाही केलेत?" त्याने तोंड बाजूला वळवून विचारलं.

"आज नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंग मिटून ठेवलं.

मग मात्र एल्वूडला राहवेना. शिरस्ता गेला खड्ड्यात!

"व्हर्ना, हा परवा नाही आला. सहा वर्षं माझ्याकडे आहे. दर महिन्याला मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. दिला असता तर तुम्ही यायचं थांबवलं असतं. मला ते सोसलं नसतं. शिव्या द्या, हव्या तेवढ्या द्या, पण घेऊन जा. तुमच्याच हक्काचा आहे."

शेजारी डेलचा सुपाचा चमचा वाटी आणि तोंडाच्या मध्ये थांबला.

 बाईंनी पर्स मांडीवर ओढली. निघाल्या, एल्वूडला वाटलं. संपलं सगळं. अकरा वर्षं एका झटक्यात मातीत घातली आपण.

पण बाईंनी पर्समधून कागदाचं एक लहानसं पाकीट काढलं आणि त्यातला सेंट एल्वूडच्या सेंटशेजारी मखमलीवर हलकेच ठेवला. तपकिरी, नितळ. यावरच्या चांदण्या दिसायला नाणं तिरकं धरायची गरज नव्हती.

एल्वूडने पाकीट उचलून डोळ्यांशी नेलं. बाईंच्या गोल, पोस्टातल्या अक्षरात नाण्याची ग्रेड लिहिली होती, वीस. आणि त्याखाली, तो त्यांच्या हाती लागला त्या दिवसाची तारीख होती, नऊ वर्षांपूर्वीची.