नमुना मोजणी

“हा नऊ पॉइंट दोन आला कुठून?” आयव्हरने दोन्ही अहवाल शेजारीशेजारी ठेवले. “आणि दोघांनाही नेमका हाच कसा सुचला?”

रेटा कोवालने लोकरी टोपी मुठीत चुरगाळली. एव्हरेट बेअर खिडकीबाहेर सॅस्काटूनच्या बर्फाकडे बघत राहिला.

“सुचला नाही,” रेटा म्हणाली. “आला.”

आयव्हर लुंडग्रेन स्वतः पीएच.डी. करत होता आणि पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत होता. सत्राच्या पहिल्याच तासाला नियमावली मोठ्याने वाचायची हा त्याचा नेम. स्तोत्र म्हणावं तशी म्हणे, एक ओळ गाळत नसे. उशिरा आलेला गृहपाठ घेतला जाणार नाही. सगळ्यांत कमी गुणांची चाचणी धरली जाणार नाही. चर्चा मिळून करा, लिहा आपलं आपण. गुण उत्तराला नाहीत, मोजणीला आहेत. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून: नक्कल सापडली तर देणारा आणि घेणारा दोघांनाही या विषयात शून्य, आणि नावं डीनकडे.

नक्कल ओळखायची कशी, तेही त्याला जुन्या सहायकांनी शिकवलं होतं. बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यात नवल नाही. चूक सारखी आली, की समजून जायचं.

प्रयोग तर अगदीच साधा. विजेच्या चुंबकाला लोखंडी गोळी लावायची, बटण दाबून सोडायची. घड्याळ वेळ दाखवतं, त्यावरून पृथ्वीची ओढ किती ते काढायचं. नऊ पॉइंट आठ हा आकडा शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. सगळ्या वर्गाचा तोच आला होता. चुकले ते फक्त हे दोघे. ती दाराजवळच्या टेबलावर, तो खिडकीजवळच्या. आणि चुकले तेही हुबेहूब एकसारखे.

मग त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. मंगळवारी तास चालू असताना एव्हरेट तिच्या टेबलाशी गेला होता, तिच्या हातात काहीतरी ठेवून परतला होता. दुपारी कॅन्टीनमध्ये दोघं एका ताटलीत पुटीन, म्हणजे चीज-रस्सा घातलेले तळलेले बटाटे, खात होती. आयव्हरला बघताच गप्प झाली होती.

“मंगळवारी तिला काय दिलंस?”

“पेपरमिंट,” एव्हरेट म्हणाला. “हवंय? खिशात आहे अजून.”

“मस्करी सुचतेय तुला?”

“मस्करी नाही. हिला नर्सिंगला जायचंय. इथे शून्य मिळालं की ते दार बंद. तेव्हा शून्य द्यायचंच असलं तर मला द्या, हिला सोडा.”

आयव्हरचा संशय आणखी घट्ट झाला. दुसऱ्याला वाचवायला जो इतका उतावीळ, त्याने काहीतरी केलेलं असणारच.

“गप रे,” रेटा एव्हरेटवर डाफरली. “न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा घ्यायला निघालाय मोठा!” मग ती आयव्हरकडे वळली. “मी पुन्हा पुन्हा गोळी सोडली. दर वेळी तेच. मलाही वाटलं होतं, नऊ पॉइंट आठ लिहून मोकळं व्हावं. हात धजेना.”

“फळ्यावर नमुना करून दिला होता मी. तरीसुद्धा?”

“तरीसुद्धा.”

“मग आत्ता कर. माझ्यादेखत.”

रेटाने गोळी चुंबकाला लावली. गोळी टपकन खाली पडली. आयव्हरने हिशेब केला. नऊ पॉइंट दोन.

बटण दाबण्यातच काही चलाखी असेल. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः गोळी सोडली. पुन्हा तेच. तो मधल्या टेबलाकडे गेला, तिथल्या मुलांचा अहवाल सगळ्यांत सुबक होता. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या टेबलावर तेच. त्याच्याही पुढच्या टेबलावर तेच.

“बघा,” एव्हरेट मागून म्हणाला, “टेबलंसुद्धा माझी नक्कल करायला लागली.”

रेटाने त्याला कोपराने ढोसलं. आयव्हरला ते ऐकूच गेलं नाही. चुंबक याच वर्षी नवे आले होते. त्याने वीज बंद केली आणि एक टाचणी चुंबकाजवळ नेली. टाचणी चट्दिशी चिकटली. वीज गेली तरी चुंबकाची पकड पुरती सुटत नव्हती. गोळी निमिषभर अडकून मग पडत होती, आणि घड्याळ मात्र बटणाबरोबरच धावू लागत होतं. या खोलीतल्या कुठल्याच टेबलावर नऊ पॉइंट आठ येणं शक्य नव्हतं.

त्याने बाकीच्या अहवालांचा गठ्ठा ओढला. आठ. आठ. आठ. पानामागून पान, नीटनेटकं, खाडाखोड नाही.

त्याचे कान तापले.

“तुम्ही दोघं जा,” तो म्हणाला. “तुमचे गुण पुरे मिळतील. बाकीच्यांना बोलावतो सोमवारी. सगळ्या वर्गाची नावं डीनकडे गेली तरी चालतील. एकेकाला उभं करून विचारतो, हा आकडा कुणाचा उतरवलात म्हणून.”

एव्हरेट काहीतरी बोलणार होता, पण रेटाने त्याची बाही ओढली. टोपी डोक्यावर चढवता चढवता तिने नुसतं फळ्याकडे पाहिलं. आयव्हरची नजर तिच्या नजरेमागून गेली.

फळ्याच्या कोपऱ्यात खडूची चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पुसू नये’. आत, त्याच्याच वळणदार अक्षरात: नमुना मोजणी, ९.८.

मंगळवारी त्याने गोळी हातातसुद्धा घेतली नव्हती.