सुभेदारांचा पाट

हैबतराव गणपतीचा पाट काखेत घेऊन हमरापूरच्या कारखान्यात शिरले, तेव्हा एक बाई मूर्ती रंगवत बसलेल्या जनूच्या पायाशी मिठाची पिशवी ठेवत होती.

"पोर पलटणीतनं सुट्टीवर आलाय जनूदादा," ती सांगत होती. "वर बर्फात व्हता. उंबऱ्यातच त्याचे मोजे काढले न् बोटं मोजली. धाच्या धा हायेत! तू बोललास म्हणून नवे बूट भेटले त्यांना. आमच्या मिठागरातलं हाय हे, घरात ठेव."

ही खाडीकडची कृष्णाबाई. जनूने संकोचून पिशवी जरा बाजूला सरकवली आणि हातातल्या मूर्तीच्या डोळ्याची रेघ पुरी करू लागला. हैबतरावांच्या मात्र पोटात दुखायला लागलं.

दोघे एकाच पलटणीतले. हैबतराव तेव्हा हवालदार होते, जनू लान्स नाईक. बर्फासाठी आलेल्या बुटांचे तळ सुटत होते, दोन पोरांची बोटं काळी पडून कापावी लागली होती. जनू सुट्टीवर आला आणि सगळं एका वार्ताहराला सांगून मोकळा झाला. पेपरात फाटका बूट हातात धरलेला त्याचा फोटो आला. बोंब झाली, बूट बदलले आणि पलटणीतून जनूचं नाव कापलं गेलं. पेन्शन नाही, काही नाही. आता तो गणपती रंगवतो. हैबतराव पेन्शन, पदकं आणि सुभेदारकी घेऊन रोह्याला परतले. तेव्हा जळायचंच तर जनूने जळायला हवं होतं.

पण जळत होते हैबतराव. कारण पहिले तेच बोलले होते! जनूच्या कितीतरी आधी, पलटणीच्या दरबारात. मोठ्या साहेबांनी रिवाजाप्रमाणे 'कोणाला काही सांगायचंय?' असं विचारलं, तेव्हा सावधान उभे राहून त्यांनी बुटांची तक्रार सांगितली होती. अगदी कायद्याने. आणि हे आज कुणाला ठाऊक नाही. पंधरा ऑगस्टला रोह्याच्या शाळेत खुर्ची मिळते, गुलाबाचं फूल मिळतं. पण कुठल्या आईने त्यांच्या दारात येऊन लेकाची बोटं मोजल्याचं सांगितलं नव्हतं. आणि हा जनू, आयत्या बिळावर नागोबा!

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं, जनू," पाट खाली टेकवत हैबतराव म्हणाले. "घरातलं घरात बोलायचं. प्रॉपर चॅनेल असतं त्याला."

"कुनाच्या मिठाला, दादा?" कृष्णाबाईने विचारलं.

"सरकारच्या!"

"सरकार कवा मीठ काढतं? मीठ तर आमी काढतो," ती हसून म्हणाली आणि पिशवी पुन्हा जनूच्या जवळ ढकलली.

आता हैबतरावांना राहवेना. खरं सांगायचं तर चॅनेलबिनेल त्या घडीला त्यांच्या डोक्यात नव्हतंच. त्यांना ती पिशवी हवी होती. घरी मिठाची बरणी काठोकाठ भरलेली होती, तरी हवी होती.

"बाई, हा मागून बोलला. पहिला मी बोललो! भर दरबारात, साहेबांच्या तोंडावर. विचारा याला!"

आवाज इतका चढला की मागचे रंगारी वळून बघू लागले. जनूने कुंचला पाण्यात ठेवला. हैबतराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा आता 'नाय' म्हणाला तर दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?

जनू उठून ताठ उभा राहिला, पलटणीत उभा राहायचा तसा.

"खरं हाय मावशी. पयले सुभेदारसाबच बोलले. मी मागल्या रांगेत व्हतो. बाकी कुनाची छाती नाय झाली. त्यांचं ऐकलं म्हणून तर मला तोंड फुटलं."

झालं. एवढ्यासाठीच तर हैबतराव इतकी वर्षं झुरत होते. कृष्णाबाईने "अगो बाय!" म्हणत त्यांना हात जोडले, पिशवी उचलली आणि दोघांच्या मधोमध आणून ठेवली. मग तिने सरळ मनाने विचारलं,

"तुमी बोलल्यावर वरच्यांनी काय केलं, दादा? बूट बदलले?"

"नाय."

"मंग?"

हैबतरावांनी खाली टेकवलेला पाट उगाच सरळ केला.

"मला बढती दिली. नायब सुभेदार केलं."

त्यानंतर दरबारात ते पुन्हा कधी बोलायला उभे राहिले नव्हते. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मागल्या रांगेतून सगळं पाहिलेल्या जनूनेही सांगितलं नाही.

"बरं झालं," कृष्णाबाई म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, आणि तेच हैबतरावांना जास्त लागलं.

जनूने पाट उचलून मांडीवर पालथा घेतला. मूर्ती ज्याची त्याच्याच घरी जावी म्हणून पाटामागे नाव लिहायचं असतं. त्याने खडू घेतला आणि दर वर्षीच्या सवयीने आधी हुद्दा लिहायला सुरुवात केली. 'सु' लिहून झाला.

"थांब," हैबतराव म्हणाले.

खडू थांबला. "काय साब?"

हैबतरावांनी त्या एका अक्षराकडे बघितलं. मधोमध ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. मग जनूच्या हाताकडे.

"काय नाय," ते म्हणाले. "लिव."