दारातलं खोकं

तिसऱ्या मजल्यावर पोचताच मावशी थबकली. मास्तरांच्या दारात आधीच एक खोकं होतं.

तिच्या हातातही तसंच खोकं होतं: तपकिरी, चिकटपट्टी मारलेलं, वर नाव ना पत्ता. ज्यूंच्या फूड बँकेची हीच रीत. गुरुवारी दुपारी शिधा दारात ठेवायचा, दार वाजवायचं आणि ते उघडायच्या आत जिन्याने पसार व्हायचं. घेणाऱ्याला कोणापुढे मान खाली घालावी लागू नये. कोणाच्या घरी खोकं जातं, हे एकट्या मावशीला ठाऊक. मास्तर तर दर आठवड्याला सगळ्यांच्या देखत प्रार्थनाघरातल्या दानाच्या पेटीत वाटाण्याचा एक डबा टाकायचे, आणि मावशी तोच डबा गुपचूप त्यांच्याच खोक्यात भरायची.

पण मागच्या आठवड्यात प्रार्थनाघराच्या फाटकाशी कोणीतरी असंच एक खोकं ठेवून गेलं होतं. ते उचलायला गेलेल्या रखवालदाराचा हात स्फोटात मनगटापासून गेला.

मावशी तशी कोणाच्या बापाला न भिणारी. आता मात्र ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हे खोकं आपलं की त्यांचं? खूण म्हणून तिने कधी ठेवलीच नव्हती. खाली गाडीत, ती चालवत आलेले शिंपीकाका बसले होते, पण त्यांना हाक मारावी तर गुडघे धरत वर यायला ते संध्याकाळ करणार.

मग वास आला. खोक्याची खालची कड ओली झाली होती. बटाटे कुजले होते, तिनेच गेल्या गुरुवारी एकेक निवडून भरलेले. तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. आठवडाभर मास्तरांनी खोकं आत घेतलं नव्हतं.

का घेतलं नाही, तेही तिला तिथेच उमगलं. रखवालदाराची बातमी आली त्या संध्याकाळी तिनेच घरोघर फोन करून बजावलं होतं, दारात काही दिसलं तर हात लावायचा नाही. आणि गुरुवार उजाडल्यावर नेहमीसारखी खोकी ठेवून आली होती. आपलं खोकं कोणाला परकं वाटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने दार वाजवलं. ती पळाली नाही. बऱ्याच वेळाने दाराचं भिंग काळं झालं.

"कोण आहे?"

"मी," मावशी कुजबुजली.

"मी कोण? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

मास्तरांचे कान गेलेले, हे तिला माहीत होतं. पण समोरच्या घरातला रेडिओ एकदम बंद झाला होता. आणि खाली पत्रपेट्यांशेजारी खडूने लिहिलेलं तिने येतानाच वाचलं होतं: या इमारतीत ज्यू कोण? कळवा.

तिने ओठ दाराला टेकवले. "मास्तर, मी आहे हो."

"जा इथून. मी पोलिसांना फोन लावतोय." आवाज इतका बारीक झाला होता की हेच आपल्या मुलांना गणितं शिकवताना भिंती हलवायचे, यावर तिचा विश्वास बसेना. बोलता बोलता त्यांना धाप लागली. मावशीला भयंकर भीती वाटली. बोललं तर सगळ्या जिन्याला कळणार. नाही बोललं तर हा माणूस भरल्या खोक्याच्या आड उपाशी मरणार.

"मास्तर, मी मावशी," ती मोठ्याने म्हणाली. "प्रार्थनाघरातली. तुमचा शिधा आणलाय."

शब्द जिन्यातून पार तळापर्यंत गेले. कडी निघाली ती तिच्या पाठीमागची. समोरच्या घराचं दार वीतभर उघडलं आणि तसंच राहिलं. आत कोण उभं आहे ते दिसत नव्हतं.

मग मास्तरांचंही दार उघडलं, साखळी पुरेल तेवढंच. गाल पार आत गेले होते. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि वर्गात काढायचे तसा आवाज काढला.

"बाई, चुकीच्या दारात आलात तुम्ही. इथे ज्यू कोणी राहत नाही."

आणि साखळीच्या खालून त्यांचा हात बाहेर आला.

मावशीने कोटाची बटणं काढली, तो दोन्हीकडे पसरला आणि समोरच्या घराला पूर्ण पाठ केली. तिने आणलेल्या खोक्याची पट्टी नखाने फाडली.

"माफ करा हं," ती मोठ्याने म्हणाली. "चुकलंच माझं."

तिने त्या हातात पाव ठेवला. हात आत गेला.

"पत्ता नीट बघून यावं माणसाने."

"हो, निघालेच."

मागे कोणीतरी पाऊल पुढे टाकल्याचा आवाज झाला. मावशीने वळून पाहिलं नाही.

"कितीदा सांगायचं, इथे ज्यू कोणी नाही," मास्तर म्हणाले, आणि रिकामा हात पुन्हा बाहेर आला.